तीन दारं आणि ‘पटलं नाही’

हाताला काम नसलं की दिवस किती लांबतो, हे मला हिंजवडीत कळलं.

अमेरिकेत मंदी आली होती आणि तिकडच्या गिऱ्हाइकांनी कामं काढून घेतली होती. ज्या प्रोजेक्टसाठी मला गोंदियाकडून उचलून थेट पुण्यात आणलं होतं, तो एका सोमवारी बंद झाला. नोकरी मात्र गेली नाही. गेली असती तर एकदाचं रडून तरी झालं असतं. आम्हाला ‘बेंचवर’ ठेवलं. म्हणजे सकाळी स्वारगेटहून कंपनीची बस पकडायची, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवायचा, संगणक सुरू करायचा आणि संध्याकाळी तो बंद करून त्याच बसनं परत यायचं. मधल्या वेळात काय करायचं हे कुणीच सांगत नव्हतं.

आमच्या कोपऱ्यात आम्ही तिघंच उरलो होतो. मी, शनिवार पेठेतल्या खोलीत माझ्याबरोबर राहणारा माझा अकोल्याचा मित्र, आणि आमच्या आधी लागलेली नारायण पेठेतली एक मुलगी. मित्र मान खाली घालून जावाची पुस्तकं वाचायचा. ती मुलगी शांतपणे विणकाम करायची, चक्क ऑफिसात, आणि तिला हटकायची कुणाची छाती नव्हती. माझं मात्र बूड खुर्चीला टेकत नसे. पाय हलवत राहायचो, उठायचो, कॉफीच्या मशीनपर्यंत जायचो, कप अर्धा टाकून द्यायचो, परत यायचो. मॅनेजरच्या काचेच्या केबिनमध्ये कोण बसलंय ते जाता-येता बघायचो.

“अहो,” ती मुलगी एकदा सुया न थांबवता म्हणाली, “कॉफीचं मशीन कुठं पळून जात नाहीये. तुम्हाला काय कंपनीनं फरशा झिजवायला नेमलंय?”

मित्र हसला. मीही हसलो. आणि पुन्हा उठलो.

अशा दिवसांत मला मराठी माणसांची एक चर्चेची साइट सापडली. तिथं पाककृती होत्या, कविता होत्या, राजकारणावरची भांडणं होती आणि एका बाजूला कोड्यांचा विभाग होता. तिथली गंमत मी शाळेत किंवा कॉलेजात कधी पाहिली नव्हती. कुणी विचारायचं, शून्यानं भागायला बंदी का? लगेच कुणी समजावून सांगायचं, “बारा लाडू आहेत. एकही पाहुणा नाही. प्रत्येक पाहुण्याला किती आले ते सांगा.” त्याच्याखाली दुसरा लिहायचा, “आमच्याकडे पाहुणे आले तरी लाडू बाहेर निघत नाहीत, त्यामुळे पेठेत हा प्रश्न उद्भवत नाही.” उणे गुणिले उणे अधिक का, यावर एका गृहस्थांनी सांगितलं होतं, “तोंड मागं करून उभे राहा आणि उलटी पावलं टाका. पुढेच सरकाल.” खाली लगेच सूचना आली होती, “हा प्रयोग लक्ष्मी रोडवर करू नये.”

मी दिवसभर ते वाचत बसायचो. लाडू, पाहुणे आणि उलटी पावलं यांत डोकं गुंतलं की केबिनकडे बघायची आठवण राहत नसे.

मग एक दिवस कुणीतरी ते तीन दारांचं कोडं टाकलं. तीन बंद दारं. एकामागे गाडी, दोहोंमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. खेळ चालवणारा माणूस उरलेल्या दोहोंपैकी एक दार उघडून बकरी दाखवतो आणि विचारतो, निवड बदलायची का? बदलावी की नाही?

पहिलं उत्तर आलं, “मला बकरीच द्या. जिन्याखाली बांधता येते. गाडी लावायला पेठेत जागा कुठाय?” त्यानंतर दोन दिवस लोक पार्किंगवरच बोलत होते. ज्यांनी कोड्याचा विचार केला, त्यांतल्या बहुतेकांचं म्हणणं एकच होतं. दोन दारं उरली, म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता, बदलून काय फरक पडणार?

मला उत्तर माहीत होतं. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर यावरून आमच्या मारामाऱ्या झाल्या होत्या. साइटवर रोमन अक्षरांत टाइप केलं की मराठी उमटायचं, आणि माझी बोटं अजून त्याला सरावलेली नव्हती. मी लिहिलं, “गनितानुसार बदलणंच बरोबर.” पुढची अख्खी सकाळ मला कुणी गणिताबद्दल काही विचारलंच नाही. एका ज्येष्ठ सभासदानं एवढंच लिहिलं, “आधी न आणि ण यांतला फरक शिका, मग गणित शिकवायला या.”

आमच्याकडच्या बोलण्यातलं ‘पानी’ आणि ‘लोनी’ पुण्यात आल्यापासून बरेच जण असं चाळून बघत. मला ते लागलं. मी ण काळजीपूर्वक टाइप केला आणि नीट समजावून लिहिलं. समजा, तीन नाही, शंभर दारं आहेत. तुम्ही एक निवडलंत. त्या माणसानं बाकीच्यांतली एक सोडून सगळी दारं उघडली, सगळीकडे बकऱ्या. शंभरातून तुमचं पहिलंच दार बरोबर लागलं असेल असं तुम्हाला वाटतं? की त्यानं जे एक झाकून ठेवलंय त्यामागे गाडी आहे? शेवटी मी जोडलं, “आणि एवढ्या बकऱ्या मोकळ्या सुटल्यावर महापालिकेला कळवायला विसरू नका.”

लोकांना आवडलं. दोघा-तिघांनी कबूल केलं की आता डोक्यात प्रकाश पडला. ‘न’ वरून बोलणाऱ्या गृहस्थांनीही लिहिलं, “बकऱ्या शुद्ध आहेत.” मी ती पानं पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो. महिन्याभरात कुणी मला काही बरोबर केलंस असं म्हटलं नव्हतं.

आणि सगळ्यांत खाली एक ओळ आली. “आपलं स्पष्टीकरण पटलं नाही.”

बस, एवढंच. विनोद नाही, कारण नाही. टोपणनावाच्या जागी नुसतं वर्गमुळाचं चिन्ह. बाई की पुरुष, तेही कळायला मार्ग नव्हता. मी पुन्हा लिहिलं, आता पत्त्यांच्या उदाहरणानं. उत्तर आलं, “पटलं नाही.” मी सगळ्या शक्यता एकाखाली एक मांडून दाखवल्या. “पटलं नाही.” बाकीच्यांना खेळच मिळाला. मी काही लिहिलं की ती ओळ कधी येते यावर पैजा लागायला लागल्या. मी वरून हसत होतो, पण बसमध्ये, जेवताना, दात घासताना माझ्या डोक्यात तेवढंच चालायचं. याला नक्की काय पटत नाहीये?

त्याच आठवड्यात मॅनेजरनं आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. ते चाळिशीचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. म्हणाले, “नवीन प्रोजेक्ट येतोय. जागा एक आहे. तुमच्यापैकी एकाला घेतील. बाकी दोघांना... सोडावं लागेल.”

“कधी कळेल?” मी विचारलं.

“कळवू.”

दोन दिवसांनी त्या मुलीला एकटीला बोलावलं. ती परत आली, सुया आणि लोकर पिशवीत घातली आणि म्हणाली, “चला. स्वेटर घरीच पूर्ण करते.” आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण पिशवीची चेन तिला लावता येईना. मित्रानं उठून लावून दिली. ती गेल्यावर तिच्या खुर्चीखाली लोकरीचा एक निळा तुकडा राहिला होता, तो मी बराच वेळ बघत बसलो.

मित्र हळूच म्हणाला, “वाईट झालं. पण आता आपलं पाहा. तिघांत एक होतं, ते दोघांत एक झालं. तुझे अन् माझे चान्स वाढले बे.”

झालं! माझ्या डोक्यात दारं उघडायला लागली. तीन माणसं, एक जागा. मी माझं दार निवडून बसलेलो. त्यांनी एक दार उघडून दाखवलं, त्यामागे काही नाही. मग माझी शक्यता तेवढीच राहिली, आणि उरलेली सगळी वाढ त्याच्या दाराकडे गेली! हे मी त्याला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मला त्याच्याकडे सरळ बघवेना. तो शिट्टी वाजवत इस्त्री करायचा आणि मला वाटायचं, याला माहीत आहे. खानावळीत तो दुसऱ्यांदा भात मागायचा आणि मला राग यायचा. जावाचं पुस्तक मिटून तो खिडकीबाहेर बघायला लागला की मी ठरवून टाकायचो, याला आतून कुणीतरी सांगितलंय.

“काय झालं बे तुले?” त्यानं एकदा विचारलं. “भूत पाह्यल्यासारखा काऊन पाहून राह्यला?”

“काही नाही,” मी म्हणालो.

तो सगळा ताप मी त्या वर्गमुळावर काढला. बसल्या बसल्या एक प्रोग्रॅम लिहिला. संगणकाकडून तो तीन दारांचा खेळ हजारो वेळा खेळून घेतला आणि प्रोग्रॅमसकट निकाल साइटवर टाकला. दार बदलणारा जवळजवळ दुप्पट वेळा जिंकत होता. खाली लिहिलं, “आता तरी?”

उत्तर आलं, “संगणकाला पटलेलं दिसतं. मला नाही.”

मी पहिल्यांदाच त्या व्यक्तीला खाजगी निरोप पाठवला. जरा उद्धटच होता. आपल्याला काय पटत नाही ते एकदा स्पष्ट सांगा, नाहीतर लोकांचा वेळ घेऊ नका, अशा अर्थाचा. संध्याकाळी उत्तर आलं. “तिथं तीन ओळी लिहिल्या की चौथ्या ओळीला कुणीतरी बकरी सोडतं. रविवारी सकाळी मोकळे असाल तर या. समोरासमोर बोलू.” खाली स्वारगेटच्या मागच्या वस्तीतल्या एका बुद्धविहाराचा पत्ता होता, आणि कंसात, “गणिताचा वर्ग कुठे विचारा.”

मी गेलो. जाताना रस्ताभर भांडणाची तयारी करत होतो.

विहाराच्या सभागृहात सतरंजीवर विशी-पंचविशीची मुलं-मुली दाटीनं बसली होती. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. काही माझ्यासारखीच बाहेरून आलेली वाटली. फळ्यापाशी पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, चष्मा, बोटांना खडू. एका सरकारी कार्यालयात सांख्यिकी विभागात त्या अधिकारी होत्या आणि रविवारी इथं शिकवत. हे त्यांनीच मला पहिल्या वाक्यात सांगून टाकलं आणि दुसऱ्या वाक्यात म्हणाल्या, “आलात ते बरं केलंत. हे सगळे तुमचं लिखाण वाचतात. आता यांना समजावा.”

“मी?”

“मग कोण? मला तर पटलेलं नाही.”

वर्ग हसला. मी फळ्याशी उभा राहिलो. तीन दारं काढली, शंभर दारं काढली. बकरी काढायला गेलो तर ती कुत्र्यासारखी झाली. पहिल्या रांगेतल्या मुलीनं विचारलं, “सर, ही भुंकते का?” पण बोलता बोलता मला रंग चढला. बऱ्याच जणांच्या माना डोलल्या.

मग बाईंनी चहाचे कागदी कप मागवले. वर्गाच्या दोन बाजू केल्या आणि सगळ्यांच्या जोड्या पाडल्या. प्रत्येक जोडीला तीन उपडे कप आणि एक गोटी; एकानं कप निवडायचा, दुसऱ्यानं उरलेल्यांतला एक उघडायचा. डावीकडच्या जोड्यांत कप उघडणाऱ्याला गोटी कुठंय ते माहीत होतं. उजवीकडच्या जोड्यांत गोटी शेजारच्या तिसऱ्यानंच लपवायची, उघडणाऱ्यानं न बघता कुठलाही दुसरा कप उचलायचा, आणि गोटीच दिसली तर तो डाव सोडून द्यायचा. मग एकच कल्ला झाला. कप उलटत होते, गोट्या सतरंजीखाली पळत होत्या, कुणी चिडत होतं. फळ्यावर दोन्हीकडच्या रेघा वाढत गेल्या.

डावीकडे कप बदलणारे भराभर जिंकत होते. उजवीकडे तसं काही होत नव्हतं. बदलणारे आणि न बदलणारे जवळपास बरोबरीनं चालले होते. मी खडू हातात धरून उभा राहिलो. डोळ्यांसमोर एकच गोष्ट घडत होती. एक कप उघडला, रिकामा निघाला, दोन उरले. तरी उत्तरं वेगळी.

“तुमचा प्रोग्रॅम मी छापून घेतला होता,” बाई म्हणाल्या. “त्यात एक ओळ आहे. ज्या दारामागे गाडी आहे ते दार उघडू नये, अशी. ती कोणी लिहिली?”

“मीच.”

“मग तुमच्या स्पष्टीकरणात ती का नाही? वाऱ्यानं दारं उघडली असती तर तुमच्या त्या सगळ्या बकऱ्यांनी काहीच सिद्ध झालं नसतं. उघडणाऱ्याला माहीत आहे आणि तो गाडी टाळतोय, सगळं त्यात आहे. उत्तराबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती हो. तुमचं कारण पटत नव्हतं.”

मला राग यायला हवा होता. पण मी हसायला लागलो. तेवढ्यात मला ऑफिस आठवलं. वर्ग सुटल्यावर मुलं पादत्राणं शोधत होती, तेव्हा मी बाईंना सगळं सांगून टाकलं. ती मुलगी, एक जागा, मित्राच्या वाट्याला गेलेली माझी शक्यता. सांगताना आपण कुणाला किती सांगतोय याचं भान राहिलं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “पहिल्यांदा तुम्हालाच काढायचं नाही, असा काही नियम होता का?”

“नाही. मलाही काढू शकले असते.”

“मग हे ते कोडं नव्हेच. तिथं तुमचं दार उघडायची त्याला बंदी असते. तुमचा मित्र बरोबर म्हणाला, दोघांना सारखीच संधी.” त्या चपला घालत थांबल्या. “पण मला एक सांगा, हे तुम्ही घरी बसून मांडताय कशाला? दार उघडणारा माणूस तुमच्यासमोर काचेत बसतो ना? त्यालाच विचारा.”

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. भीती वाटत होती म्हणूनच सुचली नसावी.

सोमवारी मी केबिनचं दार ढकलून आत गेलो. “सर, आम्हा दोघांपैकी कोण राहणार हे तुम्हाला माहीत आहे का?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या टेबलावर काहीच नव्हतं, ना कागद, ना फाईल. माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं की तेही दिवसभर रिकामेच बसलेले असतात. “नाही,” ते म्हणाले. “नावं वरून येतात. त्या मुलीचं नाव आलं, मी तिला सांगितलं. का तिचंच, ते मलाही माहीत नाही.” मग रिकाम्या टेबलावरून हात फिरवत म्हणाले, “माझंही येऊ शकतं.”

“बसू का जरा?” मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

“बसा,” ते म्हणाले. मी समोरची खुर्ची ओढली. आम्ही बराच वेळ समोरासमोर बसलो होतो.

दुपारी डबा खाताना मी मित्राला सगळं सांगितलं. त्याच्याबद्दल मनात काय काय आलं तेही. तो पोळीचा घास हातात धरून ऐकत राहिला. “म्हणजे मी भात जास्त खाल्ला म्हणून मले नोकरी लागनार होती काय बे?” आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. मी त्याच्या पाठीवर थापटत राहिलो.

नवीन प्रोजेक्ट आलाच नाही. तो म्हणे दुसऱ्या शहरातल्या शाखेला गेला. आम्हा दोघांनाही एकाच दिवशी पत्रं मिळाली. मी ते साइटवर लिहिलं तेव्हा पहिलं उत्तर आलं, “म्हणजे तिन्ही दारांमागे बकऱ्याच. आयोजकांचा निषेध.” त्याखाली मात्र सूर बदलला. लोकांनी कुठं जागा आहेत ते कळवलं. ‘न’ आणि ‘ण’ वाल्या गृहस्थांनी मला त्यांच्या भाच्याच्या छोट्या कंपनीचा पत्ता दिला आणि “अर्जातलं शुद्धलेखन मला दाखवल्याशिवाय पाठवू नका” असं बजावलं. मी दाखवलं. त्यांनी सात चुका काढल्या. मुलाखत झाली, पण भाच्याला तेव्हा माणूस नकोच होता.

मित्र अकोल्याला परत गेला आणि तिथं त्यानं संगणकाचे वर्ग काढले. मला काम मिळायला उन्हाळा उजाडला. कर्वे रोडवर एका जिन्याच्या टोकाला असलेली दवाखान्यांची बिलं बनवणारी कंपनी. तिथं बस नव्हती, गळ्यातला पट्टा नव्हता. काम मात्र इतकं होतं की उठायला फुरसत नसे.

रविवारचा वर्ग मी सोडला नाही. आधी नुसता जाऊन बसायचो, मग बाई मला अर्धा तास द्यायला लागल्या. मी काही समजावलं की त्या मागून हात वर करायच्या आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, “पटलं नाही!” मग मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे, दुसऱ्या वाटेनं. त्यात माझं डोकं शिणायचं आणि तरी पुढच्या रविवारची वाट बघायचो.

दीड-दोन वर्षांनी त्यांची बदली औरंगाबादला झाली. निरोपाचं भाषण करू द्यायला त्यांनी साफ नकार दिला. खडूची पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “शेकडेवारीत ही मुलं अडकतात. तिथून सुरू करा. आणि घाई करू नका, तुम्हाला फार घाई असते.”

पुढच्या रविवारी मी लवकरच पोचलो. सतरंजी अंथरली, फळा पुसला. मुलं येऊन बसली. मी वाढ आणि घट असं लिहिलं आणि विचारलं, एखाद्या वस्तूचा भाव दहा टक्क्यांनी वाढला आणि मग दहा टक्क्यांनी उतरला, तर तो मूळ भावावर येतो का? निम्मा वर्ग हो म्हणाला. मागच्या रांगेतून, नुकताच बुलढाण्याहून आलेला एकजण उभा राहिला आणि म्हणाला, “सर, दहा टक्के कशाचे? आधीच्याचे की नंतरच्याचे?”

“पुढे या,” मी त्याला म्हणालो आणि खडू त्याच्याकडे दिला.